वाचकांचे प्रश्न : वडिलांचा स्टुडिओ, लातूरच्या टाक्या आणि दिवेघाटातील गर्दी

महाविद्यालयांत वैयक्तिक प्रकल्प सादर करण्याचे दिवस जवळ आले की या सदराकडे छायाचित्रणाच्या विद्यार्थ्यांची पत्रे वाढतात. यंदाही तसेच झाले आहे. कोणता कॅमेरा घ्यावा, कोणती लेन्स घ्यावी, असे विचारणारी पत्रे मी बाजूला ठेवली आहेत. त्यांची उत्तरे दुकानदार माझ्यापेक्षा चांगली देतात. विषय कुठून आणावा आणि इतरांच्या कामातून नेमके काय घ्यावे, हे विचारणारी चार पत्रे येथे घेतली आहेत. त्यांतील पहिल्याला जास्त जागा दिली आहे, कारण त्या प्रश्नाला ती लागते.

प्रश्न : मी पुण्यात छायाचित्रणाच्या पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला आहे. कराडला आमचा फोटो स्टुडिओ आहे. आजोबांनी तो १९६८ साली सुरू केला, आता वडील चालवतात. म्हणजे खरे तर तो झेरॉक्स आणि लॅमिनेशनवर चालतो. मला वीस छायाचित्रांचा वैयक्तिक प्रकल्प द्यायचा आहे. वर्गातील मुले स्पितीला आणि हंपीला जाऊन आली. मला आमच्या स्टुडिओवरच काम करावेसे वाटते, पण ‘जुने स्टुडिओ हा विषय केव्हाच होऊन गेला’ असे एक मित्र म्हणाला आणि वडील म्हणतात, ‘त्यात फोटो काढण्यासारखे काय आहे?’ माळ्यावर निगेटिव्हचे पंचवीस-तीस डबे पडून आहेत. ते प्रकल्पात वापरता येतील का?
– एक विद्यार्थिनी, कराड

उत्तर : तुमच्या मित्राचे म्हणणे अर्धे खरे आहे. छायाचित्रकार केतकी शेठ यांचे ‘फोटो स्टुडिओ’ हे पुस्तक २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. देशातील ठिकठिकाणच्या, विझत चाललेल्या स्टुडिओंत जाऊन त्यांनी ते काम केले. ते पुस्तक मिळवून सावकाश पाहा. मात्र पाहताना एवढे ध्यानात ठेवा, की शेठ प्रत्येक ठिकाणी पाहुण्या म्हणून गेल्या होत्या आणि पाहुण्याला काउंटरच्या पुढच्या अंगाने जे दिसते ते त्यांनी फार बारकाईने पाहिले. तुम्ही त्या काउंटरच्या मागे वाढला आहात. पासपोर्टच्या फोटोसाठी खुंटीला अडकवून ठेवलेला काळा कोट पाहुण्यालाही दिसतो. पण त्या कोटाची पाठ उसवलेली आहे आणि फोटोत पाठ येत नाही म्हणून ती इतक्या वर्षांत कुणी शिवलेली नाही, हे घरच्या माणसालाच ठाऊक असते. (तुमच्या स्टुडिओतला कोट कदाचित धड असेल, मी पाहिलेल्या बहुतेक स्टुडिओंतले नव्हते.) आरशाखालचा कंगवा, पावडरचा डबा, नव्या पडद्यामागे गुंडाळून ठेवलेला जुना रंगवलेला पडदा, पूर्वी डार्करूम असलेल्या आणि आता झेरॉक्सच्या कागदाचे गठ्ठे ठेवण्याच्या खोलीत भिंतीवर राहिलेले हायपोचे (फिल्म धुण्याच्या रसायनाचे) डाग, या सगळ्याची यादी करण्यासाठी तुम्हाला कराडच्या बाहेर पाऊल टाकावे लागणार नाही.

आता निगेटिव्हविषयी. वापरता येतील का, याआधी त्या नीट पाहिल्या आहेत का, हा प्रश्न मी तुम्हालाच विचारतो. एखादा डबा खाली उतरवा, सुती हातमोजे घाला, कृष्णधवल काळातील एखाद्या तरुणीची निगेटिव्ह कडेला धरून उचला आणि खिडकीपाशी तिरपी करा. चेहऱ्याच्या जागी पेन्सिलीच्या अगदी बारीक, स्वल्पविरामाएवढ्या रेघा चमकताना दिसण्याची शक्यता बरीच आहे. हे ‘टचिंग’. निगेटिव्हवर जेथे शिसे चढते तेथे उजेड अडतो आणि प्रिंटवर ती जागा उजळ उमटते. म्हणून देवीचे वण, डोळ्यांखालची काळी वर्तुळे आणि मुख्य म्हणजे सावळेपणा पुसण्यासाठी हे काम निगेटिव्हवर केले जाई. त्यासाठी आधी पृष्ठभागावर एक पातळ लेप देत, म्हणजे शिसे धरून राहते, आणि पेन्सिलीचे टोक सुईसारखे लांब करून घेत. स्थळांसाठी पाठवायच्या फोटोंवर हा हात सर्वांत जास्त फिरलेला असतो. तुमच्या आजोबांनी गावातील किती मुलींना किती उजळ केले, याची नोंद त्या डब्यांत आहे आणि ती प्रिंटवर दिसत नाही, फक्त निगेटिव्हवरच दिसते. या एका गोष्टीवर वीस नव्हे, चाळीस छायाचित्रे होतील.

तेव्हा केवळ स्कॅन करून, उलटवून, जुने चेहरे दाखवण्याच्या मोहात पडू नका. ती निगेटिव्ह एक वस्तू म्हणून, तिरप्या उजेडात, रेघांसकट टिपा. पाठीमागून उजेड हवा असेल आणि लाइट-बॉक्स नसेल तर मोबाइलचा पांढरा पडदा चालतो, पण निगेटिव्ह थेट त्यावर टेकवू नका. पडद्याचे ठिपके उमटतात. मध्ये दुधी अ‍ॅक्रिलिकचा तुकडा घाला आणि बोटभर अंतर ठेवा. एखाद्या डब्याला व्हिनेगरसारखा आंबूस वास येत असेल तर त्यातील फिल्मचा पाया विघटित होऊ लागला आहे. तो डबा इतरांपासून वेगळा करा, कारण त्या वाफेने शेजारच्या फिल्मही बिघडतात. प्लास्टिकच्या बंद पिशव्या टाळा, कागदी पाकिटे वापरा आणि डबे माळ्यावरून कायमचे खाली आणा. हे मी पुस्तकातून सांगत नाही. शिकत असताना काढलेल्या माझ्या निगेटिव्ह मी दोन पावसाळे पोटमाळ्यावर ठेवल्या होत्या. तिसऱ्या वर्षी डबा उघडला तेव्हा चेहऱ्यांवर बुरशीची फुले उमटलेली होती आणि त्यातील एकही चेहरा परत मिळाला नाही.

एक कायदेशीर बाब बहुतेक स्टुडिओवाल्यांनाही माहीत नसते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे, कुणी मोबदला देऊन छायाचित्र काढून घेतले असेल आणि वेगळा करार झालेला नसेल, तर त्या छायाचित्राच्या हक्काचा पहिला मालक ते काढून घेणारा ग्राहक असतो. निगेटिव्हचा तुकडा तुमच्या घरचा, पण चित्रावरचा हक्क कराडमधल्या कुण्या दुसऱ्या घरचा. वर्गात दाखवणे वेगळे आणि प्रदर्शन भरवणे किंवा छापणे वेगळे. नंतरच्या दोन्हींसाठी माणसे शोधून त्यांची परवानगी घ्या. आजोबांनी नंबर आणि नावे लिहिलेली वही ठेवली असेल तर ती शोधा. परवानगी मागायला जाताना प्रिंट घेऊन जा. चाळीस वर्षांपूर्वीचा आपला फोटो हातात घेऊन दारात उभी राहिलेली आजी हेही तुमच्या प्रकल्पातले छायाचित्र होऊ शकते, तिची हरकत नसेल तर. स्थळांसाठी काढलेले फोटो मात्र संमतीवाचून कुठेही दाखवू नका. त्यांतील काही लग्ने ठरली नसतील, काही मोडली असतील, आणि ते सर्व आजही त्याच गावात राहत आहेत.

राहिला वडिलांचा प्रश्न. ‘त्यात काय आहे?’ असे ते म्हणतात, कारण ज्या कामाकडे गिऱ्हाइकांनी पाठ फिरवली ते पाहण्याजोगे आहे यावर त्यांचा विश्वास राहिलेला नसावा. त्यांची छायाचित्रे काढण्याआधी त्यांच्याकडून एक पासपोर्ट फोटो काढून घ्या, त्यांच्या पद्धतीने, त्यांच्या स्टुलावर बसून. हनुवटी किती खाली घ्यायची हे ते तुम्हाला कसे सांगतात ते ऐका. मग कॅमेऱ्याच्या जागा बदला. छायाचित्रकार दयानिता सिंग अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत शिकत असताना त्यांनी तबलावादक झाकिर हुसेन यांच्याबरोबर अनेक मैफलींचे दौरे केले आणि त्या विद्यार्थिदशेतल्या प्रकल्पाचे १९८६ मध्ये पुस्तक झाले. त्या कामातून शिकायचे ते हे, की त्या झाकिर हुसेन यांच्या जवळ बराच काळ राहिल्या. तुम्हाला तो काळ आधीच मिळालेला आहे, वीस वर्षांचा.

प्रश्न : मी लातूरचा असून दृश्यकलेच्या शेवटच्या वर्षाला आहे. जर्मनीतील बेर्न्ट आणि हिला बेशर या दांपत्याची पाण्याच्या टाक्यांची छायाचित्रे पाहून मी भारावून गेलो आणि लातूर व आसपासच्या गावांतील बेचाळीस टाक्यांची तशीच छायाचित्रे काढली. ढगाळ आभाळ, समोरून, टाकी मधोमध, माणूस एकही नाही. सरांनी ‘ही नक्कल आहे’ एवढेच म्हणून वही परत दिली. प्रेरणा आणि नक्कल यांतील सीमा कुठे आखावी?
– एक विद्यार्थी, लातूर

उत्तर : सरांनी आणखी चार वाक्ये बोलायला हवी होती, पण त्यांचे निदान चुकलेले नाही. तुम्ही बेशर यांच्या छायाचित्रांचे दिसणे घेतले. त्यामागचे कारण तिथेच सोडून दिले.

बेर्न्ट बेशर जर्मनीच्या झीगन भागातला. त्याच्या लहानपणापासून आजूबाजूला खाणी आणि लोखंडाच्या भट्ट्या होत्या. तरुणपणी तो त्यांची चित्रे काढू लागला, पण त्या सुमारास तो उद्योग बसत चालला होता आणि चित्र पूर्ण होण्याआधीच बांधकाम पाडले जाऊ लागले. हात पुरेना म्हणून त्याने कॅमेरा घेतला. त्याची पत्नी हिला बेशर मात्र छायाचित्रणाचे रीतसर शिक्षण घेतलेली होती. १९५९ पासून दोघांनी मिळून काम सुरू केले आणि पुढे अनेक दशके भट्ट्या, खाणींवरचे मनोरे, टाक्या मोठ्या प्लेट कॅमेऱ्याने टिपल्या. ढगाळ आभाळ त्यांनी निवडले ते सावली पडून एका टाकीचा आकार दुसरीपेक्षा वेगळा भासू नये म्हणून. माणसे वगळली तीही आकाराची आकाराशी तुलना व्हावी म्हणून. प्रत्येक निर्णयाला कारण होते, आणि ते कारण त्यांच्या गावात होते.

तुमच्या टाक्यांत माणूस नाही, याला काय कारण आहे? २०१६ च्या उन्हाळ्याआधी, मार्च महिन्यात, लातूरमध्ये पाण्याच्या टाक्यांच्या परिसरात जमावबंदीचा आदेश लागू झाला होता. पाण्यावरून भांडणे होऊ नयेत म्हणून पाचांहून अधिक माणसांनी तेथे जमायचे नव्हते. त्यानंतर एप्रिलमध्ये मिरजेहून पहिली पाण्याची रेल्वे आली, दहा वाघिणी आणि पाच लाख लिटर पाणी घेऊन. तेव्हा तुम्ही दहा-बारा वर्षांचे असाल आणि घागर घेऊन कुठे तरी उभे राहिला असाल. टाकीपाशी माणूस नसणे हे झीगनमध्ये तुलनेच्या सोयीसाठी होते. लातुरात ते एके काळी सरकारी आदेशाने होते. एवढी एक गोष्ट मनात ठेवून तीच बेचाळीस छायाचित्रे पुन्हा पाहा, म्हणजे त्यांतली कोणती ठेवायची आणि कोणती पुन्हा काढायची हे तुमचे तुम्हालाच कळू लागेल.

पद्धत खुशाल उचला. पद्धतीवर कुणाची मालकी नसते. समोरून, मधोमध, ढगाळ, हे सगळे राहू द्या. पण प्रत्येक टाकीखाली दोन ओळी लिहा : बांधली कधी, भरते कुठून, पाणी किती दिवसांआड सुटते. मांजरा धरणाचे पाणी येथवर येते की ही टाकी नुसतीच उभी आहे? काही टाक्या बांधल्यापासून भरल्याच नसतील, अशी माझी शंका आहे. अशी एखादी सापडली तर ती मोठ्या आकारात छापा. पाणी सोडणाऱ्या कर्मचाऱ्याला गाठा. कोणत्या वस्तीला किती वाजता पाणी जाते हे त्याच्या तोंडावर असते आणि त्या वेळेला सगळी गल्ली झोपेतून उठते. व्हॉल्व्ह फिरवण्याची त्याची लोखंडी चावी हातभर लांबीची असते. तिचेही एक छायाचित्र घ्या, टाकीसारखेच, समोरून, मधोमध.

आणि वही सरांकडे पुन्हा न्या. या वेळी ते चार वाक्ये बोलतील.

प्रश्न : यंदा आषाढी वारीवर प्रकल्प करण्याचा विचार आहे. दिवेघाटात ड्रोन उडवण्याची परवानगी कशी मिळते?
– एक विद्यार्थी, पुणे

उत्तर : परवानगीची चौकशी पोलिसांकडे करा, पण तुम्ही तेथे जाऊन काय आणणार आहात ते मी आजच सांगतो. वळणाचा रस्ता, पांढऱ्या टोप्यांची नदी, मधोमध रथ, बाजूला हिरवा डोंगर. ते छायाचित्र सुंदर असते आणि दर वर्षी पुण्याच्या वृत्तपत्रांत येते. ते पुन्हा काढण्यासाठी एका विद्यार्थ्याने आपले वर्ष खर्च करावे, असे मला वाटत नाही.

वारी करायचीच असेल तर घाटाच्या कठड्यावरून खाली उतरा आणि एक दिंडी धरा. रथापुढची असो वा रथामागची, तिला क्रमांक असतो, तिचा स्वतःचा मालमोटारीचा ताफा असतो, स्वयंपाकाची माणसे असतात. पहिले दोन दिवस कॅमेरा पिशवीत राहू द्या. पहाटे पालखी निघण्याच्या कितीतरी आधी तंबू उतरवले जातात, चुली विझवल्या जातात, ट्रक पुढच्या मुक्कामाकडे धावतात आणि वारकरी पोहोचतात तेव्हा तंबू पुन्हा उभे असतात. गावोगाव चपला शिवून देणारे आणि दाढी करून देणारे सेवेला बसलेले असतात, पैसे न घेता. रिंगणाच्या वेळी सगळे कॅमेरे अश्वाकडे वळलेले असतात. तुम्ही त्याच क्षणी रिंगणाकडे पाठ करून उभे राहा आणि पाहणाऱ्यांचे चेहरे टिपा. कुणाचा फोटो घेतला तर पत्ता लिहून घ्या आणि दिवाळीच्या आत प्रिंट पाठवा. मी स्वतः असे एकदा कबूल केले होते आणि पाठवले नाही. ते अजून सलते.

प्रश्न : मी नांदेडमध्ये वसतिगृहात राहते. कॅमेरा नाही, मोबाइल आहे. संध्याकाळी सातनंतर बाहेर जाता येत नाही आणि दिवसाही एकटीने फोटो काढत फिरलेले घरी चालत नाही. ‘स्ट्रीट फोटोग्राफी’चे मोठमोठे छायाचित्रकार पाहते आणि वाटते, हे आपल्यासाठी नाही. माझ्यासारखीने प्रकल्प कसला करावा?
– एक वाचक, नांदेड

उत्तर : प्राग शहरात योसेफ सुदेक नावाचा छायाचित्रकार होता. पहिल्या महायुद्धात त्याचा उजवा हात गेला होता. दुसऱ्या महायुद्धात शहर नाझींच्या ताब्यात असताना बाहेर कॅमेरा घेऊन फिरणे अवघड झाले, तेव्हा त्याने आपल्या स्टुडिओच्या खिडकीतून छायाचित्रे काढायला सुरुवात केली आणि १९४० पासून १९५४ पर्यंत ती खिडकी सोडली नाही. काचेवर दव, काचेवर बर्फ, पलीकडे अंगणातले एक वाकडे सफरचंदाचे झाड. एवढाच ऐवज. घरच्यांचे निर्बंध योग्य आहेत असे मी म्हणत नाही; ते चुकीचेच आहेत आणि तुम्ही त्यांच्याशी वाद घालत राहावे. पण तो वाद संपेपर्यंत थांबण्याचे कारण नाही.

दुसरे नाव आपल्या जवळचे. होमाई व्यारावाला (१९१३–२०१२) भारताच्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून ओळखल्या जातात. मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात शिकत असताना त्यांनी आपल्या वर्गमैत्रिणींचीच छायाचित्रे काढली. सुरुवातीची काही छायाचित्रे तर त्यांचे पती माणेकशा यांच्या नावाने छापली गेली, कारण बाईचे नाव कुणाला ठाऊक नव्हते. पुढे त्यांनी दिल्लीतील सत्तांतर टिपले ते सर्वांना माहीत आहे. मला मात्र त्या जे. जे.मधल्या मुली जास्त आवडतात, कारण कॅमेऱ्यामागे ओळखीची मुलगी असल्यामुळे त्या अवघडलेल्या नाहीत. एखाद्या अनोळखी पुरुषाला तो चेहरा मिळाला नसता.

तुमच्या वसतिगृहात सातनंतर जे घडते ते बाहेरच्या एकाही छायाचित्रकाराला पाहता येत नाही. दरवाजा बंद झाल्यावरचा व्हरांडा, घरी फोन करताना आवाज बदलणारी मुलगी, परीक्षेच्या रात्री जिन्यावर दिव्याखाली बसलेल्या मुली, तारेवर वाळणारे गणवेश. मैत्रिणींना आधी विचारा आणि नको म्हणेल तिचा फोटो पुसून टाका, तिच्यासमोर. मोबाइलचा पोर्ट्रेट मोड बंद ठेवा. तो पाठीमागची खोली पुसट करतो आणि तुम्हाला खोलीच तर हवी आहे. झूम करू नका, दोन पावले पुढे जा. फ्लॅश वापरू नका; ट्यूबलाइटचा उजेड जसा आहे तसा येऊ द्या. पडद्यावर उजळ जागेवर बोट दाबून धरले की बहुतेक फोनमध्ये उजेडाचे माप तिथेच थांबते, त्यामुळे रात्रीचे चेहरे पांढरे पडत नाहीत. महिनाभरात जमलेल्यांतून बारा निवडा, लॅबमधून चार बाय सहाच्या आकारात काढून आणा आणि खोलीच्या भिंतीवर ओळीने लावा. रेक्टर बाई चौकशीला आल्या तर त्यांनाही दाखवा, आणि त्या हसल्याच तर तेराव्या फोटोसाठी त्यांना खुर्चीवर बसायला सांगा.